रंगीत तालीम

नाटकाच्या रंगीत तालमीला आम्ही चहा-बटाटेवड्याच्या आशेने जात असू. व्हिडिओ गेमच्या रंगीत तालमीला ‘बीटा’ म्हणतात. तिथे प्रेक्षकच नट. ऑगस्ट २०१६च्या अखेरीस ‘बॅटलफिल्ड १’चा बीटा सर्वांना खुला झाला आणि पुतण्याने मला त्यात भरती केले.

स्थळ सिनाईचे वाळवंट, काळ पहिल्या महायुद्धाचा, दोन्हीकडे ३२-३२ वीर. पहिल्या दहा मिनिटांत मी अकरा वेळा धारातीर्थी पडलो. त्यांतले चार वेळा घोडेस्वारांच्या कृपेने. “काका, निदान शत्रूकडे तोंड तरी करा!” पुतण्या कळवळला. शेवटी एका झेंड्यापाशी, दगडाआड जाऊन बसलो.

आणि काय सांगू, मी उपयोगी पडलो! या तालमीत शत्रू मारून संघाचे गुण वाढत नसत, झेंडे राखून वाढत. हरणाऱ्या पक्षाच्या मदतीला तर चक्क चिलखती आगगाडी धावून येई. नेम नाही पण बूड जड, अशा माणसाची कदर करणारा खेळ मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

पण तालमीनंतर नियम बदलला. ऑक्टोबरात खेळ बाजारात आला तेव्हा मारलेल्या शत्रूंचेही गुण संघाला मिळू लागले. नेमबाज खूश! लोकांचे ऐकून खेळ सुधारतात म्हणे. असेलही. पण ऐकू येते ते ओरडणाऱ्यांचेच. तक्रार मलाही करायची होती. पण तेव्हाही मी दगडाआडच होतो.