वेगाला लगाम आणि आपला राग

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय गाडीतल्या यंत्राचा आहे, पण बोलायचं आहे ते यंत्रावर चिडणाऱ्या माणसांबद्दल. गाडीचा वेग आपोआप मर्यादेत ठेवणारं तंत्रज्ञान आलं की ओरड होते आणि त्या ओरडीला वर्तमानपत्रं 'जनमत' म्हणतात. हे जन म्हणजे नेमके कोण, हे मला तपासायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. 1923 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सुमारे 42 हजार लोकांनी सह्या करून एक मागणी केली. शहरातल्या मोटारींना असं यंत्र बसवा, की ताशी 25 मैलांच्या, म्हणजे साधारण 40 किलोमीटरच्या पुढे गाडी जाऊच नये. रस्त्यावर माणसं मरत होती, त्यात लहान मुलं बरीच होती, म्हणून ही मागणी. मग मोटारी विकणारे आणि मोटार क्लब एकत्र आले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात मागणी पडली. पीटर नॉर्टन या इतिहासकारांनी 'फायटिंग ट्रॅफिक' या पुस्तकात हे प्रकरण मांडलं आहे. लक्षात घ्या, लगाम मागणारे ते 42 हजार, तेही जनच होते.

आता आजचा युरोप बघा. जुलै 2024 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. कॅमेरा रस्त्यावरचा फलक वाचतो, नकाशाचा आधार घेतो आणि मर्यादा ओलांडली की चालकाला कळवतो. कळवायचं कसं, हे कंपनीने ठरवायचं. आवाज करा, थरथर जाणवू द्या, पायाखालचं पेडल वर ढकला किंवा वेग हळूहळू कमी करा. पण चालकाने पेडल नेटाने दाबलं तर गाडी त्याचंच ऐकते. शिवाय यंत्रणा बंदही करता येते, फक्त गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा जागी होते. एवढंच! आणि यावर प्रतिक्रिया काय, तर 'सरकारने स्टिअरिंग हातात घेतलं'.

कॅलिफोर्नियात तर एवढंही झालं नाही. तिथलं विधेयक फक्त सूचना द्या म्हणत होतं, मर्यादेपेक्षा 10 मैल जास्त वेग झाला की एक इशारा. 2024 च्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं.

विरोधकांचे मुद्दे तीन. पहिला, ओव्हरटेक करताना वेग लागतो. याचं उत्तर आत्ताच दिलं, पेडल दाबलं की गाडी ऐकते. आणि मर्यादा मोडल्याशिवाय जमत नसेल, तर तो ओव्हरटेक करायचाच कशाला?

दुसरा मुद्दा, यंत्र चुकतं. हा मात्र खरा आहे. शेजारच्या सर्व्हिस रोडचा फलक वाचून यंत्र महामार्गावर ओरडू शकतं. आपल्याकडचं उदाहरण तर रोजचं आहे. 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये 80 च्या पुढे अधूनमधून आणि 120 च्या पुढे सतत बीप वाजतो. पण त्या बीपला आपण कुठे आहोत हे माहीतच नाही. समृद्धी महामार्गावर तो उगाच टोकतो आणि शाळेसमोरून तुम्ही 60 ने गेलात तर चूप बसतो. अशा यंत्रावर टीका व्हायलाच हवी. फक्त टीकाकाराला एक प्रश्न विचारा : बीप शहाणा करायचा, की काढून टाकायचा? 'काढून टाका' असं उत्तर आलं, तर त्याची तक्रार चुकीबद्दल नव्हतीच.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. बरं, कोणाचं? आपल्याकडे ऑक्टोबर 2015 पासून बनलेल्या ट्रक-बससारख्या व्यावसायिक वाहनांना 80 ची मर्यादा यंत्रानेच घातलेली आहे. युरोपातले अवजड ट्रक तर 1990 च्या दशकापासून 90 च्या आसपास बांधलेले आहेत. ट्रकवाल्याच्या स्वातंत्र्यावर कोणी अग्रलेख लिहिला? उलट आपण म्हणतो, बरं झालं, हे लोक बेफाम चालवतात. म्हणजे पगारावर गाडी चालवणाऱ्याला लगाम ही सुरक्षितता आणि मालकाला लगाम ही हुकूमशाही! हा दुटप्पीपणा आहे, दुसरा शब्द नाही.

खरं सांगायचं तर वेगमर्यादा आपल्याला मान्य असते, पण घासाघीस करता येते तोवर. समोरून येणारा दिवे लुकलुकवतो, आपण समजतो, पुढे पोलीस आहेत. दोन किलोमीटर सज्जन व्हायचं, मग पुन्हा पाय खाली. यंत्र ही घासाघीस बंद करतं. राग त्याचा आहे.

आणि मिळतं काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण 95 किलोमीटरचा. सलग 100 ने गेलात तर 57 मिनिटं, 120 ने गेलात तर 47-48. वाचली दहा मिनिटं, ती पुण्यात शिरताना पहिल्या चौकातच जातात. पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 100 चे 120 झाले की ती 44 टक्के जास्त.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू 'अतिवेग' या सदरात नोंदले आहेत. हे सदर पोलीस सैलपणे वापरतात, खड्डा आणि रस्त्याची रचना त्यात लपते, हे मान्य करू. तरी मेलेल्यांत 32 हजारांहून जास्त लोक पायी चालणारे होते, हे उरतंच.

त्यांची प्रतिक्रिया कोणी घेतली? नव्या गाडीचं परीक्षण चालकाच्या सीटवर बसून होतं आणि बीप किती त्रासदायक हे तिथूनच ठरतं. रस्ता ओलांडायला थांबलेल्या आजींना तो बीप ऐकूच येत नाही, पण तो वाजतो त्यांच्यासाठी. तेव्हा यापुढे कोणी म्हणालं, 'लोकांचा याला विरोध आहे', तर विचारा, कुठले लोक? काचेच्या आतले, की बाहेरचे?