स्वयंपाकघर पडद्यावर येईल काय?

जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' मालिकेतील सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाल्या. २००१ ते २०११ या काळात त्यांवर आठ चित्रपट निघाले. एप्रिल २०२३ मध्ये एच.बी.ओ. या अमेरिकन कंपनीने याच कादंबऱ्यांवर नव्याने दूरचित्रवाणी मालिका काढण्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून चाहत्यांच्या तर्कवितर्कांना ऊत आला. कोणता प्रसंग दाखवतील, कोणता गाळतील, कोणाला कोणती भूमिका मिळेल, यावर हिरिरीने वाद झाले आणि होत आहेत. मूळ पुस्तकांशी प्रामाणिक राहू असा शब्द कंपनीने दिलेला असल्यामुळे, चित्रपटांच्या अडीच तासांत जे मावले नाही ते सगळे आता मावेल, अशी चाहत्यांची आशा आहे.

या आशेची दखल दलित साहित्याच्या नियतकालिकाने का घ्यावी? माझे उत्तर असे की, चित्रपटांतून जे गाळले गेले त्यात या कादंबऱ्यांतला गुलामगिरीचा जवळजवळ सगळा प्रश्न होता.

सर्वांत मोठा गलबला झाला तो रंगावरून. एप्रिल २०२५ मध्ये स्नेप या शिक्षकाच्या भूमिकेसाठी पापा एसिडू या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाची निवड जाहीर झाली. पुस्तकातला स्नेप फिकट पिवळसर कातडीचा आहे, तेव्हा हा मूळ ग्रंथाचा द्रोह आहे, असे काहींनी म्हटले. हॅरीचा बाप तरुणपणी या स्नेपला सर्वांदेखत उलटा टांगतो तो प्रसंग आता कसा दिसेल, अशी शंका काहींनी काढली. ही दुसरी शंका मला विचार करण्याजोगी वाटते. कातडी बदलली की प्रसंगाचा अर्थ बदलतो, हे ज्याला उमगले त्याला समाज थोडाफार उमगला. १९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातली धन्यावर जीव टाकणारी काळी दाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पडद्यावरचा चेहरा ही साधी बाब नाही हे सांगावे लागत नाही. पण ज्या पात्रांना माणसाचा चेहराच नाही, त्यांच्या बाबतीत हेच चाहते बरेचसे गप्प आहेत.

ही पात्रे म्हणजे जादूगारांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे एल्फ. एल्फ एका घराण्याला बांधलेला असतो, मरेपर्यंत. त्याची पोरेही त्याच घराण्याची. त्याने मजुरी मागायची नाही, आज्ञा मोडली तर स्वतःच स्वतःला शिक्षा करून घ्यायची. जादूची कांडी बाळगण्याचा त्याला कायद्याने अधिकार नाही. आणि त्याने कपडे घालायचे नाहीत. उशीचा जुना अभ्रा किंवा भांडी पुसायचे फडके गुंडाळायचे. धन्याने कपडा दिला की एल्फ मुक्त होतो, म्हणून धनी त्याच्या हाती साधा मोजाही जाऊ देत नाही.

हा कपड्याचा नियम वाचताना इंग्रज वाचकाला गंमत वाटत असेल. आपल्याला वाटू शकत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे लिहून ठेवलेले आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जाळली गेली आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना लुगडे कसे नेसावे आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने का टाकून द्यावेत, हे समजावून सांगितले. बायकांनी ते केले. धन्याने कपडा देण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. रोलिंगबाईंच्या कल्पनेत एल्फाला हा मार्ग बंद आहे. तो स्वतःच्या हाताने कपडा उचलून घालू शकत नाही. मुक्ती वरूनच यावी लागते. माझ्या मते या सबंध कल्पनासृष्टीतले सर्वांत कच्चे आणि सर्वांत बोलके ठिकाण हेच आहे.

चित्रपटांनी काय केले ते पाहू. डॉबी हा एल्फ २००२ च्या दुसऱ्या चित्रपटात येतो, मोजा मिळून सुटतो, आणि थेट २०१० च्या सातव्या चित्रपटात मरायला परत येतो. मधल्या काळात त्याने पुस्तकांत केलेली कामे चित्रपटांत नेव्हिल या विद्यार्थ्याच्या नावावर चढवली आहेत. स्पर्धेत हॅरीला पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून डॉबी एक वनस्पती आणून देतो. चित्रपटात ती नेव्हिल देतो. चोरून सराव करण्यासाठी गुप्त खोली डॉबी दाखवतो; चित्रपटात ती नेव्हिलला सापडते. संगणकावर पात्र काढणे खर्चाचे असते हे कारण सांगितले जाते व ते खरेही असेल. पण राबणाऱ्याचे श्रेय घरातल्या पोराला देण्याची ही सोय आपल्या चांगल्या ओळखीची आहे. विंकी ही एल्फ स्त्री चित्रपटांतून पार नाहीशी झाली. क्रीचर या म्हाताऱ्या एल्फावर विषाची चाचणी घेऊन त्याला गुहेत मरायला सोडले होते. ती गुहेतली हकीकतही नाही. हॉगवर्ट्स शाळेच्या भव्य दालनात टेबलांवर पक्वान्ने उमटतात. पुस्तकात त्या दालनाच्या नेमके खाली स्वयंपाकघर आहे. वरच्या चार टेबलांच्या खाली तशीच चार टेबले आहेत आणि शंभरावर एल्फ त्यांवर अन्न मांडून ते वर पाठवतात. चित्रपटांत पक्वान्ने आहेत, स्वयंपाकघर नाही.

चाहत्यांना आता हवी आहे ती हर्मायनीची संघटना. चौथ्या पुस्तकात हर्मायनी एल्फांच्या कल्याणासाठी एक संस्था काढते. तिच्या नावाची आद्याक्षरे जोडून वाचली तर इंग्रजीत 'ओकणे' असा शब्द होतो. लेखिकेने विनोद तिथूनच सुरू केला आहे. नव्या मालिकेत ही संस्था येणार का, यावर तर्क चालतात. ती आली तर विनोदी ठेवतील की गंभीर, यावरही चालतात. सुखी गुलामांचे चित्र आजच्या काळात शोभणार नाही, तेव्हा तो भाग वगळलेला बरा, असे म्हणणारेही आहेत.

या संस्थेची घटना कोणी तपासत नाही. वर्गणी दोन सिकल. हर्मायनी संस्थापक, हॅरी चिटणीस, रॉन खजिनदार. एल्फ एकही नाही. संस्था काढताना एल्फांना विचारलेलेही नाही. हे वाचताना मला १९३२ साल आठवले. पुणे करारानंतर जी अस्पृश्यता-निवारक संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला आणि चिटणीस ठक्कर. हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच करावा, अशी गांधीजींची भूमिका होती. बाबासाहेब तीतून बाहेर पडले आणि का पडले ते त्यांनी १९४५ च्या ग्रंथात सविस्तर लिहिले. कोणी म्हणेल, १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष तरी चिमणलाल सेटलवाडच होते ना? होते. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि सभेचा कारभार कोणाच्या हाती आहे याबद्दल कोणालाही शंका नव्हती. मित्र बाहेरचा असू शकतो. चिटणिसाची वही कोणाकडे आहे, हे पाहावे लागते.

हर्मायनीची थट्टा करण्याचा मात्र माझा हेतू नाही. ती स्वतः अशुद्ध रक्ताची म्हणून हिणवली गेलेली मुलगी आहे. शुद्ध रक्ताचे जादूगार, मग मिश्र रक्ताचे, मग तिच्यासारखे. त्यांच्याही खाली गॉब्लिन आणि एल्फ. श्रेणीबद्ध विषमतेचा हा जिना लेखिकेने चांगला बांधला आहे. त्या जिन्यावर मधल्या पायरीवर उभी असलेली ही एकटी मुलगी खाली पाहते, बाकीचे सगळे वर पाहतात. पाचव्या पुस्तकात ती लोकरीच्या टोप्या विणून कचऱ्याखाली लपवून ठेवते, म्हणजे साफसफाई करताना एल्फाच्या हाती नकळत कपडा जाईल आणि तो मुक्त होईल. एल्फ चिडतात आणि त्या मनोऱ्याची सफाई करायला यायचे सोडतात. एकटा डॉबी येतो. फसवून दिलेली मुक्ती त्यांना नको असते. लेखिकेने हे हसण्यासाठी लिहिले आहे, पण मला यात एल्फांचा पहिला संप दिसतो. तो गुलामगिरीच्या बाजूने आहे हे खरे, पण संप आहे.

आता त्या सुखी गुलामाबद्दल. हे चित्रच खोटे, असे म्हणणे सोपे आहे. फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात गुलामांची गाणी समाधानाची खूण नव्हेत हे बजावले होते, आणि त्याला ते अनुभवाने ठाऊक होते. तरीही आपण आपल्याच घरात डोकावले पाहिजे. माझे आजोबा येसकरपाळीबद्दल, घुंगराच्या काठीबद्दल, बावन्न हक्कांबद्दल ताठ मानेने बोलत. वतन कायद्याने जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, तरी बोलत. माझे शिक्षण झाल्यावर मला त्या बोलण्याची लाज वाटे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, तेव्हा वतनाला चिकटून राहणारे आपल्यातही होते. ते मूर्ख होते म्हणून नव्हे. वतन गेले तर बलुते जाणार, बलुते गेले तर उद्याची भाकर कोण देणार, हा हिशेब त्यांच्यापुढे होता. पोटाच्या भीतीवर अभिमानाचे पांघरूण घातले की ती भीती सोसवते.

हा हिशेब रोलिंगबाईंच्या पुस्तकातही आहे, हे विशेष. मुक्त झालेला डॉबी पगाराचे काम शोधत दोन वर्षे देशभर हिंडतो. त्याला कोणीही ठेवून घेत नाही. शेवटी शाळेचा मुख्याध्यापक आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवारची सुटी देऊ करतो, तर डॉबी घासाघीस करून ते एक गॅलियन आणि महिन्याला एक दिवसावर आणतो. वाचक इथे हसतो. पण ज्या एल्फांना पगारी काम मिळायची शक्यताच नाही, त्यांनी मुक्तीला घाबरू नये तर काय करावे? विंकी हाकलली गेल्यावर दारू पिऊन चुलीशी रडत बसते, ती स्वभावाने गुलाम आहे म्हणून की तिला दुसरे घर नाही म्हणून? लेखिका पुरावा देते आणि त्याकडे पाहत नाही. तिचा निवेदक हॅरीच्या खांद्यावरून जग पाहतो, आणि हॅरीला भूक लागल्याखेरीज स्वयंपाकघर आठवत नाही.

म्हणूनच चाहत्यांची 'प्रामाणिक' रूपांतराची मागणी मला अपुरी वाटते. पुस्तकाशी अक्षरशः प्रामाणिक राहिले तर संस्थेचे बिल्ले पडद्यावर येतील, थट्टाही येईल, आणि एल्फ पुन्हा आनंदाने ताटे वाढताना दिसतील. ज्यांना हा भाग अडचणीचा वाटतो म्हणून वगळून हवा आहे, त्यांच्याशी तर माझे अजिबात पटत नाही. त्यांना अन्न हवे आहे आणि राबणारा नजरेआड हवा आहे. जुन्या चित्रपटांनी हेच केले होते. कॅमेऱ्याला हॅरीच्या खांद्यावर बसण्याची सक्ती नाही. तो हॅरीला वरच्या मजल्यावर झोपलेला सोडून खाली चार टेबलांच्या खोलीत जाऊ शकतो. तिथे माणसाची पोरे नसताना एल्फ आपसांत काय बोलतात, डॉबीने मागितलेल्या पगाराबद्दल कुजबुज होते की नाही, हे कादंबरीत नाही. मालिकेत असू शकते. तर्कच करायचे तर इथे करावेत.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. हे चित्रपट हिंदीतून पाहिलेली मुले वर्गात आहेत. एल्फांचे स्वयंपाकघर पुस्तकात आहे हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "सर, मग ते जेवतात कुठं?" सातही पुस्तके चाळून मला त्याचे उत्तर सापडले नाही.

शेवटच्या लढाईबाबत एक गोष्ट नोंदवतो. पुस्तकात रॉनला ऐन लढाईत आठवण होते की खाली स्वयंपाकघरात एल्फ आहेत आणि त्यांना बाहेर काढले पाहिजे. ते ऐकून हर्मायनी त्याला मिठी मारून त्याचे चुंबन घेते. २०११ च्या चित्रपटात चुंबन आहे, एल्फ नाहीत. प्रेमाचे कारणच कापून टाकले आहे. नव्या मालिकेत ते चुंबन कसे घेतील याची चाहत्यांना फार उत्सुकता आहे. त्यानंतर क्रीचर एल्फांना घेऊन चाकूसुऱ्यांनिशी लढाईत उतरतो. शत्रू मरतो, जग वाचते, आणि दमलेला हॅरी, क्रीचर आपल्याला बिछान्यात एखादे सँडविच आणून देईल का, असा विचार करतो. कथा संपते ती जवळजवळ या विचारावरच. क्रीचरला कपडा देण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही. त्या सँडविचचे नव्या मालिकेत काय करणार, याबद्दलचा तर्क मी अजून कोणाकडून ऐकलेला नाही.