पोलॅरॉइडची उपमा कुठे अडते?

आल्बेर फेर व पीटर ग्रूनबर्ग यांना २००७ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’च्या शोधासाठी. हा परिणाम समजावताना बहुधा एकच उपमा दिली जाते: दोन चुंबकीय थर म्हणजे दोन पोलॅरॉइड, दिशा जुळल्या की इलेक्ट्रॉन पार जातात, नाहीतर अडतात. उपमा आकर्षक आहे. परंतु ती वर्गात जशीच्या तशी वापरू नये.

पहिली अडचण कोनाची. पोलॅरॉइड ९० अंशांतून फिरवला की प्रकाश अडतो; १८० अंशांतून फिरवला तर पुन्हा पूर्ववत पार जातो. येथे मात्र १८० अंशांच्या उलट मांडणीतच रोध सर्वांत जास्त असतो.

दुसरी आकड्यांची. फेर यांच्या गटाने १९८८ मध्ये लोखंड व क्रोमियमचे थर आलटूनपालटून रचले. ४.२ केल्विनला चुंबकीय क्षेत्र लावताच रोध सुमारे निम्मा झाला. ग्रूनबर्ग यांच्या लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा रचनेत सामान्य तापमानाला फरक दीड टक्क्याचाच होता. म्हणजे उलट मांडणीतही प्रवाह वाहतोच.

तिसरी जाडीची. दोन पोलॅरॉइडमधले अंतर वाढवल्याने काही बिघडत नाही. येथे मात्र दोन धडकांच्या दरम्यान इलेक्ट्रॉन एका चुंबकीय थरातून दुसऱ्यात पोचला पाहिजे. म्हणून थर काही नॅनोमीटर जाडीचेच लागतात.

मग सांगावे कसे? नेव्हिल मॉट यांनी १९३६ मध्येच मांडले होते, की चुंबकीय धातूत दोन प्रकारच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन जणू दोन समांतर वाटांनी वाहतात. स्पिन थराच्या चुंबकनाशी जुळली तर रोध १ ओहम, विरुद्ध असली तर ९ ओहम, असे उदाहरणापुरते मानू. दोन्ही थर एकाच दिशेने असतील, तर एका वाटेचा रोध १+१=२ व दुसरीचा ९+९=१८ ओहम; समांतर जोडणीने १.८ ओहम. थर परस्परविरुद्ध असतील, तर प्रत्येक वाट १० ओहमची. एकूण ५ ओहम.

एकसर व समांतर जोडणीचे हे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला येते. प्रवाह पूर्ण का थांबत नाही, हेही त्याला त्यातूनच कळते. हाताशी गणित असताना उपमेवर भिस्त का ठेवावी?