भयकथामालिकेचे विषम आकर्षण

स्वतंत्र भयकथांच्या दूरचित्रवाणी मालिका आवडीने पाहणाऱ्या कोणासही विचारावे, उत्तर बहुधा एकच मिळते : काही भाग विसरू म्हटल्या विसरत नाहीत आणि बाकीचे आठवू म्हटल्या आठवत नाहीत. ही विषमता मालिकेगणिक कमीअधिक असेल, पण ती नाही अशी मालिका आमच्या पाहण्यात नाही. लेखक चांगला तेव्हा भाग चांगला, असे म्हणून हा प्रश्न सहसा मोडीत काढला जातो. आमच्या मते ते उत्तर अपुरे आहे. एकाच लेखकाच्या, एकाच दिग्दर्शकाच्या हातूनही ही उंचसखलता टळत नाही. तेव्हा तिचे कारण व्यक्तीत नसून या कथाप्रकाराच्या घडणीत शोधले पाहिजे.

हा प्रकार परदेशातून आला अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. स्मशानात, मध्यरात्री, खांद्यावर प्रेत घेऊन चाललेल्या राजाला त्या प्रेतातील वेताळाने एकामागून एक कथा सांगाव्यात, याहून जुनी भयकथामालिका कोणती दाखवाल? अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त या कथांचा राजा गोदातीरावरील प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. पुढे लोकपरंपरेने त्याला उज्जयिनीचा विक्रम केले. पैठण आणि उज्जैन ही दोन्ही नगरे आपली मानणाऱ्या आम्हा माळव्यातील मराठी माणसांना हा योगायोग सुखावणारा वाटल्यास नवल नाही. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और वेताल’ आली, तेव्हा आमच्या पिढीने ती शेजारच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिली. तिच्यातील वेताळाची सोंगसजावट आजच्या मुलांना हास्यास्पद वाटते. तथापि तीच मुले कथेच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नाशी थबकतात, हेही आम्ही वर्गात पाहिले आहे.

वेताळाच्या कथा तरी सर्व सारख्या कोठे आहेत? त्यांतील काही निव्वळ कोडी आहेत, काही कृत्रिम आहेत. मग त्या एकत्र का टिकल्या? आमच्या मते त्याचे श्रेय चौकटीला आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. कथा दुबळी असली तरी ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेलाच असतो. शेवटच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नाही, तो मौन धरतो, आणि त्या मौनामुळेच वेताळ प्रसन्न होऊन त्याला कपटी भिक्षूपासून वाचवतो. चौकट स्वतःच एक कथा आहे, आणि ती कोठेतरी पोहोचते. आधुनिक मालिकांत ही चौकट बहुधा गळून पडली. उरले ते शीर्षकसंगीत आणि एखादा निवेदक. परिणामी प्रत्येक कथेला आपला भार एकटीने वाहावा लागतो, आणि अशक्त कथा उघडी पडते.

दुसरे कारण विश्वासाचे आहे. भीती वाटण्यापूर्वी प्रेक्षकाला एखाद्या घरात राहावे लागते. झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेला ही सवड होती. ती स्वतंत्र कथांची मालिका नव्हे. कोकणातील एका कुटुंबाची सलग कथा होय. नाईकांच्या वाड्यातील भांडणे, जमिनीचे हेवेदावे, माजघरातील कुजबुज यांची ओळख झाल्यावर तेथील रिकामी खुर्चीदेखील बोलू लागते. स्वतंत्र कथेला हे सारे वीस-बावीस मिनिटांत उभे करायचे असते आणि पुढच्या आठवड्यात मोडून पुन्हा नव्याने मांडायचे असते. १९९३ साली सुरू झालेल्या रामसे बंधूंच्या ‘झी हॉरर शो’ने एकेक कथा अनेक आठवडे चालवून ही अडचण टाळू पाहिली, पण तेथे मिळालेला अवकाश पात्रांऐवजी धुके, जुनी हवेली आणि विद्रूप मुखवटे यांनीच अधिक व्यापला. उलट नुसता विस्तारही तारक ठरत नाही. अमेरिकेतील ‘ट्वायलाइट झोन’ (१९५९ ते १९६४) ही या प्रकारातील आदर्श मालिका. तिचे बहुतेक भाग अर्ध्या तासाचे होते. चौथ्या पर्वात ते एका तासाचे करण्यात आले आणि तेच पर्व सामान्यतः शिथिल मानले जाते. पाचव्या पर्वात मालिका पुन्हा अर्ध्या तासावर आली. कथाबीजाची एक नैसर्गिक लांबी असते. ते ताणले की भीतीची जागा प्रतीक्षा घेते.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. कलाटणीचा शेवट हे या कथांचे प्रमुख अस्त्र. परंतु मालिका आपल्या प्रेक्षकाला त्या अस्त्राची सवय लावते. दहाव्या भागापर्यंत तो कथा पाहत नाही, शेवटाचा अंदाज बांधत बसतो. मालिका जितकी यशस्वी, तितका तिचा प्रेक्षक सावध. यास्तव आम्ही असे म्हणू की थोडी विषमता हा या प्रकाराचा दोष नसून प्राण आहे. या भागात भूत खरे असेल की केवळ भास, शेवट शांत असेल की भीषण, हे आधी न कळणे आवश्यक असते. १९९५ साली सुरू झालेल्या ‘आहट’च्या आरंभीच्या भागांत मानवी गुन्हा आणि अमानवी शक्ती यांची जी सरमिसळ होती, तिचे आकर्षण या अनिश्चिततेत होते. पुढे भूत निश्चित झाले आणि भीती अनिश्चित झाली.

येथे आपल्या साहित्यशास्त्राचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले; एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’च्या आरंभीचे, दुष्यंताच्या बाणापुढे पळणारे हरिण घेतले. त्या चित्रात रक्ताचा थेंब नाही. आहे ते मान वळवून मागे पाहणे. ही भीती ‘माझी’ही नव्हे आणि ‘त्या हरिणाची’ही नव्हे, ती दोघांपलीकडची, म्हणून आस्वाद्य. आमच्या मालिकांचे फसलेले भाग तपासून पाहावेत : त्यांतील बहुसंख्य भाग भयानकाकडे निघून बीभत्साला पोहोचलेले आढळतील. किळस आणणे सोपे असते. त्यासाठी पात्रावर प्रेम जडावे लागत नाही.

मराठीला या बाबतीत मोठी पुंजी लाभली होती. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) हे दोघे वेगळ्या प्रकृतीचे. धारप घराचा जिना, भाड्याची खोली, माळ्यावरची पेटी यांचे शांतपणे वर्णन करीत जातात आणि अमानुषाला त्याच दारातून आत आणतात. त्यांचे समर्थांसारखे पात्र वाचकाला पुन्हा उजेडात आणून सोडते. मतकरी असा दिलासा क्वचित देतात. आपल्या कथेला ते गूढकथा म्हणत, आणि तो भेद योग्य होता. त्यांच्या कथेतील भूत पुष्कळदा माणसाच्या अपराधातून, एकटेपणातून निघालेले असते. मतकरींच्या कथांवर ‘गहिरे पाणी’ आणि धारपांच्या कथांवर ‘अनोळखी दिशा’ अशा मालिका झाल्या. त्यांतही विषमता आहेच; परंतु तिचा क्रम उद्बोधक आहे. जेथे मूळ कथेतील अपराध जपला गेला, तेथे साध्या चित्रणातही ती अंगावर येते. जेथे वाक्यातील संदिग्धतेला दृश्य रूप द्यावे लागले, तेथे ती ढासळते. ‘काहीतरी होते’ हे वाक्य कागदावर समर्थ असते. कॅमेऱ्याला मात्र ते ‘काहीतरी’ दाखवण्याचा मोह पडतो. धारपांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने राक्षस दाखवला, तरी भीती मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोभाची ठेवली. म्हणून तो टिकला.

कोणी म्हणेल, पन्नासांतून पाच कथा स्मरणात राहिल्या तर बिघडले कोठे? कथासंग्रहाकडून आपण याहून अधिक मागतो काय? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत आम्ही सरासरी काढतो. साहित्यात ती काढणे अन्यायाचे आहे. दर आठवड्याला नवी कथा हवी या सक्तीतून पुष्कळ भरताड निर्माण झाले, हेही समजण्यासारखे आहे. मात्र आता ती सक्ती सर्वत्र उरलेली नाही. २०२० च्या पहिल्या दिवशी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये चार नामवंत दिग्दर्शकांच्या चारच कथा होत्या, वेळ, साधने, स्वातंत्र्य यांची वाण नव्हती. तरीही त्या एकमेकींशी अनोळखी राहिल्या आणि विषमता तशीच राहिली. यावरून आमचे म्हणणे अधिकच दृढ होते की उणीव साधनांची नाही, चौकटीची आणि संयमाची आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. आम्ही भोपाळचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र झाली, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. त्या रात्रीच्या मृत्यूला चेहरा नव्हता. तो वाऱ्याबरोबर आला आणि झोपलेल्यांच्या श्वासात शिरला. त्यानंतर ज्या शहराला भीती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, तेथे भयकथा मनोरंजन म्हणून पाहावी काय, हा प्रश्न आम्हाला अनेक वर्षे पडत असे. आज अवधपुरीच्या आमच्या घरी रात्री मुले अशी एखादी मालिका लावतात, तेव्हा आम्ही उठून जात नाही. मुखवट्यांनी आम्हाला कधी भीती वाटली नाही. पण एखाद्या भागात कोणी झोपेतून उठून, बंद दाराकडे नुसते पाहत राहते, आणि आमचा श्वास अडतो. तो भाग खरा. त्याने आमच्या भीतीची थट्टा केलेली नसते. तिला बोलण्याजोगे रूप दिलेले असते.

भयकथामालिकेचे मोल अशाच भागांवरून ठरावे, उरलेल्यांवरून नव्हे. मात्र निर्मात्यांनी आणि लेखकांनी एवढे ध्यानी ठेवावे की वेताळाने राजाला कधी दात दाखवून भिववले नाही. त्याने प्रश्न विचारला. आमच्या मुलांना धारप-मतकरींचे मराठी पुस्तक हाती घ्यावेसे वाटले, तर ते अशाच एखाद्या प्रश्नामुळे वाटेल.