पांढरा भंडारा

मागच्या आषाढी वारीत मी पालखीबरोबर सासवड ते जेजुरी चालले. तेवढा एकच टप्पा, त्यामुळे स्वतःला वारकरी वगैरे म्हणवून घेणार नाही. खांद्याला एक जुना, हाताने फोकस करायचा कॅमेरा आणि पिशवीत इलफर्ड एचपी5चे दोन रोल. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट. का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पावसाळी उजेड असतो, 400ची गती बरी पडते, रोल घरच्या घरी धुता येतो. हे सगळं खरंच होतं. पण खरं कारण वेगळं होतं. वारीचे जे जे फोटो मला भारी वाटले होते ते सगळे ब्लॅक अँड व्हाइट होते आणि मला त्यांच्यासारखाच एक हवा होता.

तो मिळाला. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला तेव्हा मी अगदी जवळ होते. हवेत चार हात, वर काळे ढग आणि मधे उजेडाचा एक लोट. इन्स्टावर टाकला तर ‘टाइमलेस’ म्हणून कॉमेंटी आल्या. पुढच्या रविवारी आत्या जेवायला आली, तिला फोन दाखवला. तिने चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “हे पीठ कशाला गं उधळतायत?”

आत्याच्या सासरचं कुलदैवत खंडोबा. ती किती वेळा गड चढली असेल याची मोजदाद नाही. तिला माझ्या फोटोत जेजुरी ओळखू आली नाही, कारण मी जेजुरीतून हळदच काढून टाकली होती.

यात चूक फिल्मची नाही. आजची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म सगळे रंग टिपते, पण त्यांचा फक्त उजळपणा ठेवते. पिवळा मुळातच उजळ, तो जवळजवळ पांढरा येतो. सारख्याच गडदपणाचे लाल आणि हिरवा एकाच राखाडीत जाऊन बसतात. लाल काठाची हिरवी साडी म्हणजे मग नुसती एक साडी. लेन्ससमोर निळा फिल्टर लावला असता तर पिवळा काळवंडला असता आणि मग आत्याने विचारलं असतं, “जेजुरीत बुक्का कशाला?”

फोनवर फोटो काढला की रंग काढायचा का ठेवायचा हे नंतर, रिक्षात बसून ठरवता येतं. रोल एकदा कॅमेऱ्यात गेला की छत्तीस फोटो त्याच्याच मर्जीने. म्हणजे ही निवड त्या जागी पोचण्याच्या आधी होते. रोल निवडताना आपण त्या गावाबद्दल एक मत बनवून टाकतो, गाव न बघताच. म्हणूनच प्रवासाला कुठली फिल्म न्यावी हा प्रश्न मला निव्वळ आवडीनिवडीचा वाटत नाही. परक्या गावात कुठला रंग अर्थाचा आणि कुठला नुसता दिसण्याचा, हे आपल्याला माहीत नसतं. आणि आपण नेमकी तीच माहिती घरी ठेवून निघतो.

या प्रश्नावर सगळ्यात ठाम भूमिका घेतली ती रघुवीर सिंग यांनी. जन्म 1942, जयपूरचा. कुठल्या शाळेत न जाता फोटोग्राफी शिकले आणि 1999मध्ये वारले तोवर जवळजवळ सगळं काम रंगीत केलं. 1966मध्ये जयपुरात त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. ब्रेसाँ म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटचे देवच, रंगाबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. सिंग यांनी त्यांच्याकडून खूप काही घेतलं: गर्दीत कसं वावरायचं, चौकट कशी भरायची. फिल्म तेवढी घेतली नाही. ‘रिव्हर ऑफ कलर’ हे त्यांचं पुस्तक 1998मध्ये आलं. त्यातल्या निबंधात त्यांनी मांडलेलं म्हणणं थोडक्यात असं: ब्लॅक अँड व्हाइटमागे पाश्चात्त्य मनाचा एकटेपणा आणि अपराधभाव आहे. आपल्याकडचे चित्रकार जगाकडे तसं बघत नव्हते, इथे रंग हा वरून चढवलेला थर नाही, तो आतून येतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं. ‘आपण भारतीय’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या कुठल्याही वाक्याची मला भीती वाटते. मग आत्याच्या लग्नाचा फोटो आठवला. स्टुडिओत काढलेला, मूळचा ब्लॅक अँड व्हाइट, वरून हाताने रंगवलेला. शालू हिरवा, ओठ गुलाबी, काकांचे गालही गुलाबी, ते जरा जास्तच झालेत. पण आपल्याकडच्या स्टुडिओंनी एकोणिसाव्या शतकापासून असे कितीतरी फोटो रंगवले. फोटोत रंग येत नाही म्हटल्यावर माणसं नेऊन बसवली ती ब्रश घेतलेल्या माणसासमोर. नवरीचा शालू राखाडी कसा चालेल? रंगवणारे इतर देशांतही होते, तेव्हा याच्यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण सिंग कशाबद्दल बोलत होते ते मला त्या फोटोने समजलं, निबंधाने नाही.

त्यांचं ‘बॉम्बे’ हे पुस्तक 1994चं. मुंबईचे रंगीत फोटो म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं, विसर्जनाचा गुलाल, सिनेमाची पोस्टरं, त्याच्या भरवशावर हे पुस्तक उभं नाही. दुकानांच्या काचा, आरसे, शोकेसमध्ये मिसळलेलं रस्त्याचं प्रतिबिंब, मधेच कुणाचा तरी कोपर. काचेत काय आणि काचेबाहेर काय हे कळतं ते रंगावरून. यातला एखादा फोटो स्क्रीनशॉट काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. मी केलाय. नुसता चिखल होतो. याचा अर्थ रंग तिथे शोभेला नाही, वाक्यातल्या क्रियापदासारखा आहे. आणि त्याच रंगामुळे फोटोवर तारीख पडते. प्लास्टिकचा तो निळा, पाट्यांचा तो रंग, त्या वर्षांची मुंबई. ‘टाइमलेस’ नाही. माझ्या जेजुरीच्या फोटोला मिळालेली ती कॉमेंट मला आता शिवीसारखी वाटते. वारीतल्या बाईच्या पायात गेल्या वर्षीच्या बाजारातली चप्पल होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद होता, आणि मी तिला शंभर वर्षं मागे ढकलून दिलं.

पण रंगीत रोल घेतला म्हणजे प्रामाणिकपणा आपोआप येतो, असंही नाही. कोडॅकने 1935मध्ये बाजारात आणलेली कोडाक्रोम 2009मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. छत्तीस फोटो. त्यांतले काही त्यांनी न्यूयॉर्कमध्ये खर्च केले, आणि बरेचसे भारतात, मुंबईत सिनेमाच्या माणसांवर आणि राजस्थानात रबारींवर. 2010मध्ये तो रोल अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स नावाच्या गावातल्या लॅबमध्ये धुतला गेला. रंग संपत आला तर तो उधळायला भारतात यायचं! माझा ब्लॅक अँड व्हाइटचा हट्ट जसा आधीच ठरलेला होता, तसाच हाही. रंगीत देश म्हणून ठरवून टाकलेल्या देशात रंगीत रोल घेऊन आलात तर जे ठरवलंय तेच परत मिळतं.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण मेरी एलन मार्क यांचं आहे. त्या अमेरिकन, एरवी पक्क्या ब्लॅक अँड व्हाइटवाल्या. मुंबईच्या फॉकलंड रोडवर त्या 1968पासून जात होत्या आणि तिथल्या बायका त्यांना शिव्या देऊन, अंगावर कचरा टाकून हाकलत होत्या. 1978च्या अखेरीस त्या पुन्हा गेल्या, महिनोन्‌महिने राहिल्या, हळूहळू ओळखी झाल्या. 1981मध्ये ‘फॉकलंड रोड’ हे पुस्तक निघालं आणि ते रंगीत होतं. नंतर त्यांनी भारतातल्या सर्कशींवर काम केलं, ते पुस्तक 1993चं, आणि ते ब्लॅक अँड व्हाइट आहे.

उलटं वाटतं ना? सर्कस म्हणजे झगमगाट, तिथे रंग काढला. वेश्यावस्ती म्हणजे दुःख, तिथे ठेवला. पण दोन्ही पुस्तकं जवळ ठेवून बघितली की कळतं. सर्कशीत रंग हा धंद्याचा भाग आहे, तो प्रेक्षकांसाठी चढवलेला. तो काढल्यावर माणूस आणि त्याच्या गळ्यात सोंड टाकलेली हत्तीण एवढंच उरतं, दोन थकलेले कलाकार. फॉकलंड रोडवर ब्लॅक अँड व्हाइट नेली असती तर प्रत्येक फोटोवर ‘करुण’ असा शिक्का बसून आला असता. रंगात त्या खोल्या खोल्या राहतात. कुणीतरी निवडून लावलेला पडदा, भिंतीचा निळा-हिरवा रंग, आवडीने घातलेला झगा. तिथल्या बाईला स्वतःची आवड आहे हे मला रंगामुळे दिसलं.

तरीही हे पुस्तक मला स्वस्थपणे बघता येत नाही. त्या रंगांत एक मोह आहे, नजर उगाच रेंगाळते. ज्या रस्त्याचं नाव पुढे पठ्ठे बापूराव मार्ग झालं, त्याच परिसरातून नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972मध्ये आला होता. तो वाचलेल्या माणसाला मार्क यांचे फोटो जरा जास्तच देखणे वाटतील. त्यांची फिल्मची निवड बरोबर होती असं मी म्हणेन. पण त्या खोलीत कॅमेरा न्यायचाच का, याचं उत्तर कुठलाही रोल देत नाही.

एकाच जागी, एकाच प्रसंगी दोन्ही फिल्म असत्या तर? दुर्दैवाने तसं झालेलं आहे. डिसेंबर 1984, भोपाळ. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, दोघंही दिल्लीहून गेलेले. दोघांनी एकाच मुलाच्या दफनाचा फोटो काढला. मातीतून वर दिसणारा चेहरा, उघडे डोळे. राय यांचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट, बार्थोलोम्यू यांचा रंगीत. रंगीत फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. ब्लॅक अँड व्हाइट फोटो भोपाळचं चिन्हच होऊन बसला. ते मूल कुणाचं हे कळलं नाही.

हे दोन फोटो शेजारी ठेवून तुलना करायला संकोच वाटतो, पण केली. राय यांच्या फोटोत ते मूल गेलेलं प्रत्येक मूल होतं. बार्थोलोम्यू यांच्या फोटोत ते तेच एक मूल राहतं. डोळ्यांवर आलेला दुधी पडदा तिथे दुधीच दिसतो. राखाडीत तो सावलीसारखा किंवा उजेडासारखा वाटू शकतो. रंगात ती इजा आहे, वायूने केलेली. राय यांच्या फोटोसमोर मी गप्प होते. दुसऱ्यासमोर मला विचारावंसं वाटतं, हे कुणी केलं? न्यायालयात यातला एकच न्यायचा असता तर मी रंगीत नेला असता. भिंतीवर मात्र, चाळीस वर्षांनीही, दुसराच दिसतो.

मग ब्लॅक अँड व्हाइट कुणी वापरायची? केतकी शेठ यांनी मुंबईचे रस्ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपले, सूनी तारापोरवाला यांनी आपली पारशी माणसं. त्यांत मला काही हरवल्यासारखं वाटत नाही. त्यांना ते रंग पाठ होते, काय सोडतोय हे त्यांना माहीत होतं. घरच्या बाईने आमटीत गूळ घातला नाही तर तो तिचा निर्णय, मी घातला नाही तर विसरले. माझा हा नियम कार्तिए-ब्रेसाँच मोडतात, हे कबूल करते. 1948मध्ये श्रीनगरच्या टेकडीवर उभ्या असलेल्या बायकांचा त्यांचा फोटो बाहेरच्या माणसाने काढलेला आहे, आणि त्यात रंग कुठे घालावा हे मला सुचत नाही. अर्थात तेव्हाची रंगीत फिल्म इतकी संथ होती, की त्यांना खरी निवड होती असंही म्हणवत नाही. मला होती.

यंदा सासवडला जाताना कॅमेऱ्यात कोडॅक गोल्ड 200 आहे. एचपी5चा उरलेला रोल फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी. ढग असेच राहिले तर 200वर हात हलणार, निम्मे फोटो पुसट येणार. आत्याला विचारलं, चलतेस का. ती म्हणाली, “गुडघे तू देणार का?”