रताळी, मोर आणि रोहित

ॲबट थेयर हे अमेरिकन चित्रकार. त्यांच्या कल्पनांवर त्यांचे पुत्र जेरल्ड यांनी लिहिलेला, प्राण्यांच्या लपवणाऱ्या रंगांवरचा जाडजूड ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. 'पाठ गडद, पोट फिके' याचे जे स्पष्टीकरण आपण वर्गात देतो, त्याचे मूळ बरेचसे थेयर यांच्याकडे जाते. हक्कमुक्त झाल्यामुळे तो आता संगणकावरही वाचायला मिळतो. शिक्षकांनी तो जरूर वाचावा, पण सगळ्यावर विश्वास ठेवू नये.

ग्रंथाचा पाया भक्कम आहे. प्रकाश वरून येतो, म्हणून कोणत्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळ दिसते आणि खालची सावलीत जाते. या छटेवरूनच डोळा गोलाई ओळखतो. चित्रकार सपाट कागदावर छटा चढवून गोलाई दाखवतो. थेयर यांच्या लक्षात आले की प्राण्यांच्या अंगावर नेमकी उलटी छटा असते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले चितळ पाहा: पाठ तांबूस तपकिरी, पोट पांढरे. उजेडाने पाठ उजळते, सावलीने पोट काळवंडते, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि भरीव जनावर सपाट भासते. इंग्लंडात पोल्टन यांनी अळ्या आणि कोषांबाबत असे काही आधी नोंदवले होते, पण नियम म्हणून तो मांडला थेयर यांनी, १८९६ साली. त्यांनी पक्षिशास्त्रज्ञांसमोर चक्क रताळी रंगवून ठेवली. वरून गडद, खालून फिकी केलेली रताळी काही पावलांवरून दिसेनाशी झाली.

इथेच थांबले असते तर ग्रंथ निर्दोष ठरला असता. पण थेयर यांना नियम सापडला आणि मग सगळीकडे तोच दिसू लागला. प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक रंग लपण्यासाठीच, असा त्यांचा हट्ट. आपला मोरही त्यातून सुटला नाही. ग्रंथातल्या प्रसिद्ध चित्रात मोराची निळी मान पानांतून दिसणाऱ्या आकाशात मिसळते आणि पिसारा झाडोऱ्यात विरतो. चित्र सुंदर आहे, युक्तिवाद लंगडा. लपण्याची खरी गरज अंड्यांवर बसणाऱ्या लांडोरीला. ती तर तपकिरी. आणि मोर उघड्यावर पिसारा फुलवतो, वर केकारव करून गाव गोळा करतो. या पिसाऱ्याचा लैंगिक निवडीशी संबंध डार्विन यांनी १८७१ सालीच लावला होता.

रोहित पक्ष्याच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, बाबतीत तर गंमतच. त्याचा गुलाबी रंग सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आकाशात मिसळण्यासाठी आहे, असे थेयर म्हणतात. हा दावा तपासायला मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या शिक्षकांना परदेशी जावे लागत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहितांचे थवे असतात. खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. भांडुप-मुलुंडच्या बाजूने पाहिले तर खाडी पूर्वेला येते. सकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे असतो, तेव्हा ते काळपट आकृत्यांसारखे दिसतात. संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, तेव्हा गुलाबी रंग तिवरांच्या हिरव्या रेघेपुढे झळाळून उठतो. दोन्ही वेळा पक्षी लपत नाही. प्रकाशाचा उगम वस्तूच्या मागे असेल, तर वस्तूची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, मग तिचा रंग कोणता का असेना. नववीच्या विद्यार्थ्यालाही पटेल अशी ही गोष्ट या उत्तम चित्रकाराने ग्रंथात स्वतःच मान्य केली आहे, तरीही दावा सोडला नाही, याचे नवल वाटते. शिवाय हा रंग खाद्यातल्या रंगद्रव्यांतून येतो. पिल्ले करडीच असतात.

थेयर यांच्यावर सर्वांत जोरात तुटून पडले ते थिओडोर रूझवेल्ट. अध्यक्षपद सोडून ते आफ्रिकेत शिकारीला गेले होते. १९११ साली त्यांनी थेयर यांच्या विरोधात लांबलचक निबंध लिहिला. त्यातले बरेच आक्षेप खरे आहेत, पण त्यांचा पुरावाही शेवटी 'मला दिसले' एवढाच. जे जनावर दिसलेच नाही, त्याची नोंद शिकारी कशी करणार? आणि सिंहाला जे दिसते ते माणसाच्या डोळ्याने कसे ठरवायचे? वाद दोघांच्या नजरांचा झाला. भक्षकाला कोणी विचारले नाही.

ते विचारायला फार वेळ लागला. पिठाच्या कृत्रिम अळ्या करून रानपक्ष्यांपुढे ठेवण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये झाले. १९९४ आणि २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वरून गडद व खालून फिक्या अळ्या एकरंगी अळ्यांपेक्षा जास्त वाचल्या. म्हणजे रताळी खरी ठरली.

आपल्या शिकवण्यात मात्र एक घोळ राहतो. चितळाचे उदाहरण देऊन त्याच दमात आपण बांगड्याचे देतो. बांगड्याची पाठ निळसर-हिरवी, पोट रुपेरी. वरून पाहणाऱ्याला गडद पाणी, खालून पाहणाऱ्याला उजळ पाणी, म्हणून तो लपतो, असे सांगतो. हा युक्तिवाद वेगळा आहे. इथे सावली पुसण्याचा प्रश्न नाही, दोन बाजूंच्या दोन पार्श्वभूमींशी जुळण्याचा आहे. आणि तोही अर्धाच बरोबर, कारण रोहिताचीच अडचण इथे येते: खालून वर येणारा प्रकाश फार थोडा, म्हणून कितीही पांढरे पोट वरच्या उजेडापुढे काळेच दिसेल. पोनीफिश नावाचे लहान चपटे मासे आपल्या समुद्रातही मिळतात. त्यांच्या शरीरात प्रकाशमान जिवाणू असतात आणि त्यांचा उजेड पोटातून खाली पडतो. ही जमाखर्चाची तूट भरून काढण्याची सोय असावी, असे मानतात.

रताळ्यांचा प्रयोग वर्गात जरूर करावा. एकादशीच्या सुमारास घाटकोपरच्या बाजारात ती हवी तेवढी मिळतात. दोन सारख्या आकाराची घ्यावीत. एक सगळीकडून करडे रंगवावे; दुसरे वरून गडद करून खाली फिके करत न्यावे, मध्ये रेघ दिसता कामा नये. तारेवर टोचून, मागे करडा कागद लावून, व्हरांड्यात मोकळ्या उजेडात ठेवावीत. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली प्रयोग फसतो, कारण तिथे प्रकाश भिंतींवरूनही येतो. मग दुसरे रताळे तारेवरच उलटे फिरवावे आणि मुलांना शेवटच्या बाकाच्या अंतरावरून पाहायला सांगावे.