समाधान कुणी कुणाला सांगावं? : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

(घोडबंदर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

इथून खाडी ओलांडली की वसई. या दोन्ही काठांवर ख्रिस्ती वस्ती शतकांची जुनी आणि घरातली बोली मराठीच. म्हणून दुःखातली ख्रिस्ती शांती हा विषय आम्ही परक्या ग्रंथावरून मांडत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊ. 1934 पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झालं.

या पुस्तकाचं एक ठरलेलं वाचन आहे : सोशिक बाई, सगळं सोसून समाधानी राहिली. आम्हाला हे वाचन मान्य नाही.

बघा, 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. वियोग, लोकांची बोलणी, लहान मुलाची काळजी हे सगळं झाल्यावर 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्याही आधी जातीचा विचार त्यांनी स्वतः करून सोडला होता. मागे मुकाट्यानं चालत जाणाऱ्या बाईचं हे वागणं आहे का? पुढेही पैसा घरात ठरत नाही, टिळक तो वाटून टाकतात आणि लक्ष्मीबाई भांडतात. भांडतात, हसतात आणि तसंच लिहितात. त्यांच्या शांतीत तक्रारीला जागा आहे.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, तुरुंगातला पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. त्यानं वापरलेला ‘औतार्केस’ हा ग्रीक शब्द स्टोइकांच्या आवडीचा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ स्वयंपूर्ण, कुणावाचून न अडणारा. पौल मात्र लगेच सांगतो की बळ आपलं नाही, ख्रिस्ताकडून मिळतं. आणि मदत पाठवणाऱ्यांचे तो आभारही मानतो. म्हणजे काय? स्टोइक समाधान दार लावून घेतं, पौलाचं दार उघडं राहतं. आणि ‘शिकलो’ म्हणतो तो! ते उपजत नव्हतं, एका दिवसात आलं नाही.

आमचा मुद्दा इथेच आहे. समाधान हे प्रथमपुरुषी विधान आहे. ‘मी समाधानी आहे’ ही साक्ष होते. ‘तू समाधानी राहा’ म्हटलं की तोच शब्द दगड होतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते मित्र होते. बोलायला लागले आणि आरोपी शोधू लागले.

लक्ष्मीबाई ही चूक करत नाहीत. प्लेगच्या काळात त्या रुग्णांमध्ये राबल्या. त्याबद्दल लिहिताना उपदेश नाही, काम आहे. पोटची मुलं गेल्याचं लिहिताना त्या देवाची वकिली करत बसत नाहीत. काही समीक्षकांना इथे चिंतन कमी वाटेल. आम्हाला तो संयम वाटतो. दुःखाला ‘कारण’ चिकटवलं की दुःख खोटं पडतं, बरं का.

पुस्तकाची एक मर्यादा मात्र सांगू. विनोद इतका चपळ आहे की काही ठिकाणी जखमेजवळ थांबायच्या आतच आपण पुढे सरकतो. वाचकानं तिथे स्वतः थांबावं.

शेजारच्या घरी आजार असेल, नोकरी गेली असेल, तर हे पुस्तक आपल्याला इतकंच शिकवतं : शांतीवर भाषण देऊ नका. जाऊन बसा, हाताला लागेल ते काम करा. समाधानाची गोष्ट ज्याची त्याला सांगू द्या, त्याच्या वेळेनं.